विहिरीच्या माथ्यावरच्या ओळी

उणे ९९९.२५. तेलविहिरीच्या लॉगमध्ये, म्हणजे विहिरीतल्या खडकाच्या मोजमापांच्या नोंदीत, हा आकडा दिसला की समजायचं, या खोलीवर मोजमाप नाही. उपकरण तेव्हा सुरू झालेलं नसेल, किंवा विहिरीची भिंत ढासळून संवेदक खडकापासून लांब राहिला असेल, किंवा विहिरीत उतरवलेल्या पोलादी नळीच्या, म्हणजे केसिंगच्या, आतून खडकाची रोधकता, म्हणजे विजेला होणारा विरोध, मोजता येत नसेल. ती जागा नुसती कोरी सोडली असती, तर ओळीतले पुढचे आकडे एक घर सरकून भलत्याच रकान्यात जाऊन बसले असते. शून्य लिहिलं असतं, तर तेही एक मोजमाप ठरलं असतं. म्हणून खऱ्या मोजमापात कधी येणारच नाही असा आकडा या व्यवसायातल्या लोकांनी ठरवून घेतला. मला त्या आकड्याबद्दल आदर वाटतो. 'इथलं ठाऊक नाही' हे त्यात सरळ लिहिलेलं असतं, आणि पुढच्या माणसाला ते लगेच कळतं.

गेली काही वर्षं मी लॉग फाइलींच्या माथ्यावरची माहिती वेचून काढणारं एक साधन लिहिते आहे. पायथनमधला प्रोग्राम आहे. एका बाजूने हजारो फाइली आत जातात, दुसऱ्या बाजूने एक तक्ता बाहेर येतो: विहिरीचं नाव, ठिकाण, तारीख, कंपनी, कोणत्या खोलीपासून कोणत्या खोलीपर्यंत काय काय मोजलं, कोणत्या एककात, कोणत्या पातळीपासून. काम काय करतेस असं कुणी विचारलं की हे एका वाक्यात सांगून होतं, आणि समोरचा माणूस विषय बदलतो. पण याच कामाने मला नोंद म्हणजे काय हे शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लॉग कसा घेतात ते आधी सांगायला हवं. रिगने विहीर एका टप्प्यापर्यंत खणली की ड्रिलिंग थांबवतात. मग पोलादी केबलच्या टोकाला उपकरणांची लांबलचक नळी बांधून ती तळापर्यंत सोडतात आणि वर ओढत ओढत मोजमाप घेतात. खडकातून नैसर्गिकपणे येणारे गॅमा किरण, विद्युत रोधकता, घनता, ध्वनीला एक फूट अंतर जायला लागणारा वेळ. यातून शेल, म्हणजे चिखलापासून बनलेला खडक, कुठे संपला आणि वालुकाश्म कुठे लागला, त्या वालुकाश्मात किती छिद्रं आहेत, छिद्रांत पाणी आहे की तेल, याचा अंदाज बांधता येतो. लॉग झाल्यावर केसिंग उतरवून सिमेंट ओततात. तो उघडा खडक मग पुन्हा कधी तसा उघडा सापडत नाही. केसिंगमधून काही मोजमापं नंतरही घेता येतात, पण त्या रात्री उघड्या विहिरीत जे मोजलं, ते मोजायची संधी एकदाच असते.

पहिला विद्युत लॉग ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या अल्सास प्रांतात, पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात घेतला गेला. विहिरीचं नाव डिफेनबाख २९०५. कॉन्राड आणि मार्सेल या श्लुम्बर्जे बंधूंची ती कल्पना, आणि प्रत्यक्ष काम केलं हेन्री डॉल आणि त्याच्या साथीदारांनी. दर मीटरला केबल थांबवायची, रोधकता वाचायची, वहीत उतरवायची, की पुढचा मीटर. नंतर ते बिंदू हाताने कागदावर जोडले आणि खडकाचे थर रेषेत उमटले. मला या प्रसंगातली वही फार महत्त्वाची वाटते. त्या दिवशी मोजणारा, लिहिणारा आणि अर्थ लावणारा एकाच जागी होते. आकडा कुठल्या खोलीचा, खोली कुठून मोजली, केबल कुठे अडली, हे सगळं तिथल्या माणसांना डोळ्यांनी दिसत होतं. आज अर्थ लावणारा बहुधा विहिरीपासून हजारो किलोमीटरवर असतो, कधी चाळीस वर्षं नंतरच्या काळात असतो. त्याच्याजवळ फक्त फाइल असते.

म्हणूनच लॉगला हेडर असतो, म्हणजे माथ्यावरची माहिती. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यासारखंच त्याचं काम. जमीन डोळ्यांसमोर असते, पण गट क्रमांक, क्षेत्र, कुळ, बोजा हे कागदावर नसेल तर त्या जमिनीबद्दल ठामपणे काही बोलता येत नाही. हेडरमध्ये काय असतं? विहीर कोणाची, कुठल्या क्षेत्रातली. मोजमाप कोणत्या पातळीपासून आणि ती पातळी समुद्रसपाटीपासून किती उंच. ड्रिलिंगचा मड, म्हणजे खणताना विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्राव, कुठल्या प्रकारचा, त्याची घनता किती, रोधकता किती आणि ती कोणत्या तापमानाला मोजली. बिटचा, म्हणजे खडक खणणाऱ्या टोकाचा, व्यास, केसिंग कुठपर्यंत, तळाचं कमाल तापमान, मड फिरवणं कधी थांबवलं, उपकरण तळाला कधी टेकलं. लॉग कोणी घेतला, कोणाच्या साक्षीने घेतला. शेवटी एक चौकट असते शेऱ्यांची.

यातला एकही तपशील शोभेचा नाही. १९४२ साली शेल कंपनीतल्या गस आर्चीने खडकाची रोधकता, त्याची सच्छिद्रता आणि त्यातल्या पाण्याचं प्रमाण यांना जोडणारं सूत्र प्रसिद्ध केलं. आजही तेलाच्या टक्केवारीचा हिशेब त्याच्याच आधाराने चालतो. त्या सूत्रात खडकातल्या पाण्याची रोधकता घालावी लागते, आणि पाण्याची रोधकता तापमानाबरोबर बदलते. म्हणजे हेडरमधल्या तापमानाच्या एका ओळीवर या जागी तेल आहे की नाही हे उत्तर हलतं.

फाइलींचं रूप काळाबरोबर बदलत गेलं. आधी कागद आणि फिल्म, मग चुंबकीय टेप. १९७९ सालचं लिस, नंतर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९९१ साली मानक म्हणून स्वीकारलेलं डिलिस, ही टेपच्या काळातली बायनरी स्वरूपं. ती साध्या एडिटरमध्ये उघडून वाचता येत नाहीत. कॅनडातल्या वेल लॉगिंग सोसायटीने १९८९ साली लास नावाचं एक साधं स्वरूप आणलं, म्हणजे निव्वळ मजकूर. छोटे संगणक दाखल होत होते आणि छोट्या कंपन्यांना स्वतःचे लॉग स्वतःच्या टेबलावर उघडता यायला हवे होते. लास कुठल्याही संगणकावर उघडते, कुणालाही वाचता येते. मला ती फार आवडते. तीस वर्षांपूर्वी फ्लॉपीवर लिहिलेली लास फाइल आज माझ्या पडद्यावर कुठल्याही खास सॉफ्टवेअरशिवाय उलगडते. इतकं आयुष्य लाभलेली फार थोडी स्वरूपं संगणकाच्या जगात आहेत.

पण जे कुणालाही लिहिता येतं, ते प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लिहितो. माझं निम्मं काम या ठिकाणी आहे.

लासच्या १.२ आवृत्तीत विहिरीच्या भागात आधी वर्णन, मग विसर्गचिन्ह, मग खरी माहिती. म्हणजे 'कंपनी' हा शब्द आधी आणि कंपनीचं नाव नंतर. १९९२ च्या २.० आवृत्तीत हा क्रम उलटा झाला. आता आवृत्तीची ओळ न पाहता फाइल वाचली, तर शेकडो विहिरींची मालक 'कंपनी' नावाची कंपनी निघते. शिवाय सुरुवातीची खोली, शेवटची खोली, पायरी (दोन मोजमापांमधलं अंतर) आणि रिकाम्या जागेचा आकडा या चार ओळींचा क्रम मात्र दोन्ही आवृत्त्यांत एकच आहे. त्यावर काही फाइली आवृत्ती एक सांगतात आणि लिहितात दुसऱ्या पद्धतीने. विसर्गचिन्ह हा विभाजक धरला, तर वेळेच्या नोंदीत तासमिनिटांच्या मध्येही तेच चिन्ह असतं. रशियन संगणकांवर तयार झालेल्या फाइलींत जुन्या डॉस काळातली सिरिलिक अक्षरमाला असते. ती विंडोजची सिरिलिक समजून वाचली की विहिरीच्या नावाचा चुथडा होतो. तारखांचं तर विचारू नका. ०३/०४/८५ ही तारीख टेक्ससमधली असेल तर ४ मार्च, आणि आपल्याकडची असेल तर ३ एप्रिल.

अशा वाकड्यातिकड्या फाइली वाचणारी मोफत, खुली साधनं आज आहेत याचं मला कौतुक आहे. लासिओ नावाची पायथन लायब्ररी मोडक्यातोडक्या लास फाइलीही समजूतदारपणे उघडते. डिलिस आणि लिससाठी नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने डिलिसिओ उघड्यावर ठेवली. मी त्यांच्याच खांद्यावर उभी राहून पुढचं काम करते. डिलिसमध्ये काय काय दडलेलं असतं ते मला डिलिसिओमुळे पाहता आलं. एका फाइलीच्या पोटात अनेक स्वतंत्र फाइली असू शकतात, आणि प्रत्येकीला स्वतःचा 'ओरिजिन' असतो, म्हणजे जन्माची नोंद. खोली पुष्कळदा इंचाच्या दहाव्या भागात मोजलेली असते. वर्ष एका बाइटमध्ये, १९०० पासून किती पुढे अशा हिशेबाने. टेपवर जन्मलेल्या कित्येक फाइलींमध्ये टेपच्या खुणा अजून आहेत, टेप केव्हाच गेली तरी.

सरावासाठी मी ज्या फाइली वापरते, त्या बहुतेक उत्तर समुद्रातल्या व्होल्व्हे तेलक्षेत्राच्या. हे क्षेत्र नॉर्वेच्या स्टाव्हांगर शहराच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर आहे. तिथून २००८ ते २०१६ या काळात तेल काढलं. क्षेत्र बंद झाल्यावर २०१८ साली इक्विनॉरने त्याची जवळजवळ सगळी माहिती, सुमारे ४० हजार फाइली, अभ्यासासाठी खुल्या केल्या. एका अख्ख्या तेलक्षेत्राची वहीच म्हणायची ती, आणि ती कुणीही वाचावी. ज्या विद्यार्थ्याला कुठल्या कंपनीचं दार उघडत नाही, त्याला घरबसल्या खरे लॉग हाताळता यायला लागले. कॅन्सस राज्याच्या भूशास्त्र विभागानेही आपल्याकडच्या विहिरींच्या लास फाइली अशाच सर्वांसाठी ठेवल्या आहेत. मी या दोन्हींची ऋणी आहे.

व्होल्व्हेतल्या एका विहिरीचं नाव १५/९-एफ-१. तिच्यातूनच फुटलेल्या वाटा १५/९-एफ-१ ए, बी आणि सी. वर समुद्रात तोंड एकच, खाली मात्र प्रत्येक वाट वेगळ्या खडकातून जाते. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून कुणी तिथे अधोरेघ घालतं. कुणी ए आणि एक यांमधली मोकळी जागा खातं, कुणी पुढे देशाचं संक्षिप्त नाव लावतं. साधन लिहिताना पहिला मोह होतो तो सगळं घासूनपुसून एकसारखं करण्याचा: चिन्हं काढा, मोकळ्या जागा काढा, शेवटचं अक्षर काढा. ते शेवटचं अक्षर काढलं की चार वेगळ्या वाटा एक होतात, आणि एका वाटेवरचा वालुकाश्म दुसरीच्या नकाशावर जाऊन पडतो. अमेरिकेत विहिरींना एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) क्रमांक असतो, त्याचे पहिले दोन अंक राज्याचे. कॅन्ससचा १५, पण कॅलिफोर्नियाचा ०४. तो क्रमांक एक्सेलमध्ये उघडला की एक्सेल त्याला संख्या समजून पुढचं शून्य टाकून देतं. त्या शून्याबरोबर राज्यही जातं.

खोलीच्या पातळीविषयी मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शिकवलं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. तरुणपणी ते जुहूहून हेलिकॉप्टरने मुंबई हायच्या रिगवर जात. १९७४ साली सागर सम्राट या रिगने मुंबई हायमध्ये तेल शोधलं, १९७६ साली तिथून उत्पादन सुरू झालं, आणि सरांची पिढी त्या उत्साहात वाढलेली. एकदा दोन शेजारच्या विहिरींचे लॉग शेजारी लावून मी त्यांना म्हटलं, "सर, हा चुनखडीचा थर इथे अचानक पंचवीस मीटर खाली जातोय. मध्ये भ्रंश असेल का?" भ्रंश म्हणजे खडक तुटून सरकलेली जागा. त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "अगं, भ्रंशाचं नंतर बघ. आधी दोन्ही रिगचं केबी काढ." केबी म्हणजे केली बुशिंग, रिगच्या फलाटावरची ती जागा जिथून खोली मोजायला सुरुवात करतात. समुद्रात एका रिगचा फलाट पाण्यापासून २५ मीटरवर असतो, दुसरीचा ५० वर. खोली तिथून मोजतात, त्यामुळे ती उंची वजा केल्याशिवाय दोन विहिरींची तुलनाच होत नाही. आता बहुतेक मोठ्या रिगवर 'केली', म्हणजे ड्रिलचे पाइप फिरवणारा दांडा, नसतेच, तिच्या जागी टॉप ड्राइव्ह हे यंत्र असतं, पण मोजमापाची पातळी अजून केलीच्या नावाने ओळखतात. सरांकडे एक जाड वही होती. तीत ते ज्या ज्या रिगवर गेले, तिथल्या फलाटाची उंची स्वतः विचारून लिहून ठेवलेली. हेडरमधला आकडा त्या वहीशी जुळला नाही तर ते दोन्ही आकडे लिहीत, आणि समोर कुठला कुठून आला तेही.

माझ्या साधनाचा मुख्य नियम त्या वहीवरून घेतला आहे. प्रत्येक माहितीसाठी तीन रकाने. फाइलीत जसं लिहिलं आहे तसं, अक्षरन् अक्षर, ओळ क्रमांकासकट. त्याचा मी लावलेला अर्थ. आणि तो अर्थ कुठल्या नियमाने लावला. पहिल्या रकान्याला नंतर कुणीही हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.

याने तक्ता मोठा होतो, वापरणारे कुरकुर करतात. "आम्हाला एकच बरोबर आकडा द्या ना," असं म्हणतात. त्यांची अडचण मला समजते. त्यांना उद्या नकाशा द्यायचा असतो. पण एक उदाहरण घ्या. एका फाइलीत खोलीचं एकक मीटर लिहिलं आहे आणि पायरी ०.५ आहे. मीटरमध्ये अर्ध्या मीटरची पायरी अशक्य नाही. पण या व्यवसायात अर्ध्या फुटाला एक मोजमाप ही जुनी रीत आहे. मीटरमध्ये बदलली की तीच पायरी ०.१५२४ होते, आणि हा आकडा दिसला की फाइल मुळात फुटांची होती हे लगेच ओळखू येतं. मग ०.५ च्या पुढे मीटर दिसलं, की कुणीतरी एककाचं अक्षर बदललं आणि आकडे बदलायचे राहिले, असा दाट संशय येतो. संशय येतो, खात्री होत नाही. साधनाने इथे गुपचूप फूट केलं तर बहुतेक वेळा ते बरोबर ठरेल. जेव्हा चुकेल, तेव्हा मात्र ते कुणालाही शोधता येणार नाही, कारण चुकीची खूणच पुसलेली असेल. म्हणून माझं साधन संशय लिहितं आणि थांबतं.

न्यूट्रॉन सच्छिद्रतेचं, म्हणजे खडकात न्यूट्रॉन सोडून मोजलेल्या छिद्रांच्या प्रमाणाचं, तसंच आहे. हे उपकरण सच्छिद्रता सांगतं ती एखादा खडक गृहीत धरून. बहुधा चुनखडी. मुंबई हायचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडीत आहे, तिथे ते गृहीतक बसतं. व्होल्व्हेचा साठा ज्युरासिक काळातल्या वालुकाश्मात आहे. चुनखडीच्या मापाने मोजलेली स्वच्छ वालुकाश्माची सच्छिद्रता खऱ्यापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी दिसते. वीस टक्के सच्छिद्रता असलेल्या खडकात चार म्हणजे पाचवा हिस्सा. हे गृहीतक कुठल्या खडकाचं होतं हे हेडरच्या एका ओळीत असतं, आणि पुष्कळ साधनं नेमकी ती ओळ अनावश्यक म्हणून सोडून देतात. गॅमा किरणांचं एककही असंच माणसांनी ठरवलेलं. १९५९ साली ह्यूस्टन विद्यापीठात काँक्रीटचे थर ओतून एक खड्डा बांधला, आणि त्यातल्या जास्त व कमी किरणोत्सर्गी थरांतला फरक म्हणजे २०० एपीआय एककं असं ठरलं. जगभरच्या विहिरींतला शेल आज टेक्ससमधल्या त्या खड्ड्याच्या मापाने मोजला जातो. जुने सोव्हिएत लॉग मात्र ताशी सूक्ष्म रॉन्टजेनमध्ये असतात. दोन्ही रकाने एकाच नावाचे, आकडे मात्र वेगवेगळ्या मापांचे.

अलीकडे मला वारंवार सुचवलं जातं की हे सगळे नियम लिहीत बसण्यापेक्षा फाइली भाषेच्या एखाद्या मोठ्या एआय मॉडेलपुढे टाक. मी टाकून पाहिल्या. पुसट स्कॅन केलेले हेडर वाचायला त्याचा उपयोग होतो, हे मोकळेपणाने सांगते. पण जिथे तारीख नाही तिथे ते एखादी शोभेशी तारीख बसवू शकतं, जिथे उंची नाही तिथे शेजारच्या विहिरीची. आकडा अगदी पटण्यासारखा असतो, म्हणूनच धोक्याचा. ढोबळ चूक कुणाच्याही डोळ्यांत खुपते. शहाण्यासारखी दिसणारी चूक नकाशात शिरते आणि तिथेच राहते. म्हणून मॉडेलने दिलेल्या प्रत्येक उत्तरासमोर मी मूळ ओळ मागते. ओळ दाखवता आली नाही, तर ती जागा रिकामी म्हणून नोंदवली जाते.

रिकाम्या जागेचेही प्रकार आहेत. ओळच नाही हा एक. ओळ आहे पण पुढे काही लिहिलं नाही, हा दुसरा. लिहिलं आहे पण वाचता येत नाही, हा तिसरा. आणि 'लागू नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तो चौथा. बाहेरून चौघं सारखीच दिसतात. पण दुसऱ्या प्रकारात मूळ कागद शोधायला जावं, तिसऱ्यात पुन्हा स्कॅन करावं, चौथ्यात कष्ट घेऊ नयेत.

इतकी काटेकोर का होते, याचं उत्तर तापमानाच्या दोन ओळींमध्ये आहे, आणि यावर मी थोडी रेंगाळणार आहे.

ड्रिलिंग चालू असताना मड सतत विहिरीत फिरत असतो. वरून येणारा मड खोलवरच्या खडकापेक्षा थंड, त्यामुळे तळाचा खडकही थोडा निवतो. मड थांबला की खडक हळूहळू आपल्या मूळ तापमानाला परतू लागतो. लॉगच्या उपकरणासोबत पाठवलेला तापमापक जे कमाल तापमान नोंदवतो, ते या परतीच्या वाटेवरचं असतं, खऱ्याहून कमी. मड कधी थांबला आणि उपकरण तळाला कधी पोहोचलं या दोन वेळा माहीत असतील, आणि एकाच खोलीवर वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा तापमान घेतलेलं असेल, तर खडकाचं खरं तापमान गणिताने काढता येतं. हॉर्नर पद्धत म्हणतात तिला. ज्या इंजिनिअरने रात्री तीन वाजता त्या दोन वेळा लिहिल्या, त्याला या गणिताची गरज नव्हती. त्याला तापमान हवं होतं ते मडच्या रोधकतेसाठी. वेळा त्याने लिहिल्या कारण छापील नमुन्यात त्यासाठी दोन चौकटी होत्या, आणि तो चौकटी सोडणाऱ्यांतला नव्हता.

आज तेलाच्या जुन्या विहिरींतली हीच तापमानं भूऔष्णिक ऊर्जेच्या शोधात कामाला येतात. अमेरिकेत सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने देशभरच्या भूगर्भातल्या उष्णतेचे नकाशे बनवले, त्यात तेल आणि वायूच्या हजारो विहिरींच्या तळाची तापमानं वापरली. कार्बन डायऑक्साइड जमिनीत गाडण्यासाठी जागा शोधणारे लोकही जुने लॉग उपसत आहेत. व्होल्व्हेच्या शेजारच्या स्लाइप्नर क्षेत्रात तर १९९६ पासून तो वायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला जातो आहे. त्या दोन वेळा कागदावर लिहिल्या गेल्या तेव्हा यातलं काहीच लिहिणाऱ्याच्या मनात नव्हतं. आणि एखाद्या घाईतल्या प्रोग्रामने तापमान घेऊन वेळा टाकून दिल्या असतील, तर त्या विहिरीचं तापमान आज निम्म्या किमतीचं झालं. कुठली ओळ उद्या कुणाला लागेल हे ठरवण्याइतकी मी शहाणी नाही. पण एकही ओळ न टाकण्याइतकी काळजी मला घेता येते.

आपल्याकडे २०१७ साली हायड्रोकार्बन महासंचालनालयाने राष्ट्रीय डेटा रिपॉझिटरी सुरू केली, देशभरातल्या तेलशोधाची माहिती एका ठिकाणी आणण्यासाठी. अशा भांडारात फाइल ठेवणं हे अर्धं काम, ती नंतर सापडणं हे दुसरं अर्धं. आणि सापडण्याचा सगळा भार हेडरवर असतो. लॉग काही तेलापुरते नसतात हेही सांगायला हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेची जमीन का हलत राहते याचा शोध घ्यायला कऱ्हाडच्या प्रयोगशाळेने गोठणे इथे सुमारे तीन किलोमीटर खोल विहीर घेतली. ती २०१७ साली पूर्ण झाली. काळ्या बेसॉल्टच्या खाली जुना ग्रॅनाइटी खडक, आणि त्यातही हेच सारं मोजायचं: गॅमा, घनता, रोधकता, तापमान. तिथे तेलाचा थेंब नाही. पण पन्नास वर्षांनी कुणी त्या खोलीवरचा आकडा मागितला, तर तो कुठून मोजला, कधी मोजला, हे त्यालाही लागणारच.

सध्या माझं काम शेऱ्यांच्या चौकटीवर चालू आहे. तिथे ठरावीक रकाने नसतात, माणूस बोलतो तसं लिहिलेलं असतं. उपकरण एका खोलीवर अडकलं, ओढून सोडवलं. विहिरीची भिंत इथे ढासळलेली, घनतेवर विसंबू नये. हवामान वाईट, लॉग एकाच फेरीत उरकला. खालचा भाग दुसऱ्यांदा मोजला, पहिला रद्द समजावा. लासमध्ये यासाठी 'इतर' नावाचा एक भाग आहे, आणि त्यात काय लिहायचं याला नियम नाही. म्हणून बहुतेक प्रोग्राम तो वगळतात. घनतेचा आलेख एका ठिकाणी अचानक कोसळलेला दिसतो आणि तरुण विश्लेषकाला तिथे वायू दिसतो. खाली शेऱ्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की तिथे भिंत नव्हतीच. मी ती चौकट जशीच्या तशी ठेवते. तिच्यातले खोलीचे आकडे ओळखून त्या त्या खोलीशी जोडायचा प्रयत्न चालू आहे. निम्मे जोडले जातात, उरलेले वाचणाऱ्याच्या समोर तरी येतात.

आणि मग ती दोन नावं. लॉग कोणी घेतला, साक्षीला कोण होतं. ती माणसं कुणी प्रसिद्ध नाहीत; कित्येक निवृत्त झाली असतील, काही नसतीलही. फाइली सर्वांसाठी खुल्या करताना नावांचा प्रश्न उभा राहतो. कुणाच्या परवानगीशिवाय त्याचं नाव जगभर का पसरावं? दुसरीकडे, तीच दोन नावं सांगतात की हे मोजमाप कुणीतरी माणसाने, जागं राहून, जबाबदारी घेऊन केलं. एकाच इंजिनिअरने घेतलेले लॉग शेजारी लावले, की त्याची लिहिण्याची सवयही कळते. तो तारीख कशी लिहितो, पातळी कुठली धरतो, आणि त्यावरून त्याच्या बाकीच्या फाइलींतल्या अडलेल्या ओळी सुटतात. सहकाऱ्यांशी यावर बराच वाद झाला. शेवटी असं ठरवलं: मूळ फाइलीला हात नाही, नावं तिच्यात राहतील. बाहेर द्यायच्या तक्त्यात नावाच्या जागी एक क्रमांक येतो, एका माणसाच्या सगळ्या लॉगना एकच. शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असतं: नाव मूळ नोंदीत आहे.